एअर-कूल्ड व्हॅन: उन्हात इंजिनच्या हेडचं (सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणाचं) तापमान कमी कसं दिसतंय?

मागे_इंजिन:
१९६९ची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर. इंजिन १६०० सिंगल पोर्ट, ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरच्या आतच, म्हणजे जुनी पद्धत. डॅशवर तापमानाचा काटा नाही. पाणीच नाही तर काटा कशाचा लावणार. ऑइल प्रेशरचा दिवा आणि जनरेटरचा दिवा, बस्स. म्हणून ३ नंबरच्या प्लगखाली रिंगवालं थर्मोकपल (तापमान कळवणारी तारांची जोडी) बसवून घेतलं आणि डिजिटल गेज पुढे डॅशवर लावलं.

आता गंमत बघा. सकाळी निघालं की सपाट रस्त्यावर १८० अंश सेल्सिअसच्या आसपास दिसतं. भर दुपारी, बराच वेळ चालवून झाल्यावर, त्याच रस्त्यावर त्याच वेगाला १६५! मागचं झाकण उघडलं तर वाफारा तोंडावर येतो, आणि गेज म्हणतंय इंजिन गार झालं. बायको म्हणते तू रस्ता बघ, आकडे मी वाचते, पण वाचून करायचं काय? किती झालं की थांबायचं? आणि ऑइलचं गेज वेगळं लागतंच का?

जुना_कार्बोरेटर:
गेज काढून ठेवा. थांबल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढायची, पुसताना बोटांना धरवली तर निघायचं, नाही धरवली तर गाडी सावलीत लावायची. आम्ही सगळी वर्षं असंच चालवलं.

तेरा_चौदा:
काका, तुमची डिपस्टिक गाडी थांबल्यावर बोलते. चढावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजत असतो ते तिला कुठून कळणार?

मागे_इंजिन, तुमचं इंजिन गार झालेलं नाही, आकडा खोटा आहे. एकच सांगा: थर्मोकपलची वायर प्लगपासून डॅशपर्यंत सलग आहे की मधे कुठे जोड आहे?

मागे_इंजिन:
आत्ता बघून आलो. इंजिनच्या कप्प्यातच जोड आहे, पत्र्याला चिकटून. तिथून पुढे साधी लाल-काळी तांब्याची वायर. फिटिंग करणारा म्हणाला होता की वायर ती वायर.

तेरा_चौदा:
हॉर्नला वायर ती वायर. थर्मोकपलला नाही.

थर्मोकपल तापमान मोजतच नाही, तापमानातला फरक मोजतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा. एक टोक तापलेलं, दुसरं त्या मानाने गार, आणि त्या फरकाएवढं काही मिलिव्होल्ट तयार होतात. बऱ्यापैकी गेज असेल तर ते स्वतःच्या पाठीमागचं तापमान मोजून त्यात मिळवतं. पण तुमचं गार टोक गेजपाशी नाहीच. जिथे तांबं सुरू झालं तिथे ते आहे, म्हणजे इंजिनच्या कप्प्यात. तो जोड ७०वर गेला आणि डॅश ३५वर असेल, तर गेज ३५ने मिळवतं जिथे ७०ने मिळवायला हवं. आकडा ३५ने कमी. सकाळी कप्पा पुरता तापलेला नसतो म्हणून चूक कमी. दिवस चढतो तसा कप्पा तापतो आणि गेज खाली खाली येतं. म्हणजे तुमचे दुपारचे १६५ हे प्रत्यक्षात २००च्या घरात असणार. जास्त दाखवणारं गेज एक वेळ परवडलं, निदान आपण थांबतो तरी.

उपाय सोपा आहे. थर्मोकपलच्याच जातीची एक्स्टेन्शन वायर गेजपर्यंत न्या. 'के', 'जे' या तारांच्या धातूंवरून पडलेल्या जाती; 'के'ला 'के'ची, 'जे'ला 'जे'ची, आणि उलटसुलट जोडू नका. मग रिंग उकळत्या पाण्यात धरून बघा, समुद्रसपाटीच्या आसपास असाल तर १०० यायला हवेत. हे एकदा गार डॅशवर करा आणि एकदा उन्हात तापलेल्या डॅशवर. दोन आकडे वेगळे आले तर गेजला स्वतःलाच भरपाई करता येत नाही, ते बदला.

सिलिंडर मात्र बरोबर निवडलात. जुन्या कव्हरमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या वाऱ्यातच उभा असतो आणि त्याच्यामागच्या ३ नंबरला उरलेला, तापलेला वारा मिळतो. म्हणून काही जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ३ नंबरची ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा ठेवलेली असे. १९७१च्या मॉडेलपासून कूलर कव्हरच्या बाहेर गेला तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याला श्वास मिळाला.

किती चालेल? प्लगखालच्या रिंगवर सपाटीला १७० ते २०० मी निवांत समजतो. चढावर २१०-२१५ थोडा वेळ चालतं. २२० दिसलं की पाय उचला, २३०पर्यंत जाऊ देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे, तिथून पुढे मऊ पडत जातं आणि व्हॉल्व्हची सीट सैल व्हायला लागते. तरी हे आकडे देव्हाऱ्यात ठेवू नका. रिंग आणि प्लग थोडे बदलले तरी आकडा हलतो. आपल्या गाडीचा रोजचा आकडा ओळखा; तो विनाकारण १५-२०ने सरकला की कारण शोधा.

ऑइलचं गेज हवंच. हेड काही सेकंदांत चढतं-उतरतं. ऑइल म्हणजे जाड बुडाचं पातेलं, उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. दोन्ही शेजारी असले की दुखणं कुठे आहे ते कळतं. हेड उसळलं आणि ऑइल जागेवर, तर मिक्श्चर लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), टायमिंग पुढे गेलंय (ठिणगी लवकर पडतेय) किंवा तुम्ही टॉप गियरमध्ये इंजिन रडवताय. हेड नेहमीसारखं आणि ऑइल हळूहळू वर, तर आधी लेव्हल बघा, मग कूलरच्या फटींतला कचरा. दोन्ही वर, तर वारा कमी पडतोय. ऑइल ८० ते ११० ठीक, १२०ला वेग कमी करा.

पत्रा_आणि_रबर:
वारा कमी पडतोय म्हटलं की सगळे पंख्याकडे बघतात. आधी इंजिनभोवतीचं रबर सील बघा. ते फाटलं किंवा पत्र्याचा एखादा तुकडा गायब असला की खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच परत हेडवर मारतो. कप्प्यात विसरलेलं फडकंही पंखा ओढून घेतो.

आणि जनरेटरचा दिवा लागला तर लगेच बाजूला घ्या. या इंजिनात जनरेटर आणि पंखा एकाच पट्ट्यावर आहेत. पट्टा गेला की वारा बंद. फोक्सवॅगनच्याच टाइप ४ इंजिनवाल्यांचं बरं आहे, त्यांचा पंखा थेट क्रँकवर.

मागे_इंजिन:
'के'ची वायर ओढली, उकळत्या पाण्यात ९९ आले. आज दुपारी सपाटीला १९५. चढाला टॉपमध्ये २१८ पाहून घाबरून तिसरा टाकला, तर आवाज वाढला पण आकडा २०५वर आला! हे उलटं नाही का? आणि बंद केल्यावर आकडा आणखी थोडा चढला.

तेरा_चौदा:
उलटं काही नाही. पंखा इंजिनच्या वेगाने फिरतो, गाडीच्या नव्हे. तिसऱ्यात वारा जास्त आणि ओझं कमी. बंद केल्यावर चढतं कारण वारा थांबतो पण धातूतली उष्णता तिथेच असते. चढ संपल्यावर मिनिटभर सावकाश चालवून मग बंद करत जा.

१९५ तुमच्या जुन्या कव्हरला चालेल, पण टायमिंग लाइटने एकदा तपासा: व्हॅक्यूमची नळी काढून, ३,००० आरपीएमच्या वर २८ ते ३० अंश. आणि इंजिन रात्रभर गार होऊ देऊन टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट) ०.१५ मिलिमीटरला लावा. ३ नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची ही फट आत्ताच कमी सापडली तर लावायच्या आधी किती होतं ते इथे लिहा, मग हेडचं वेगळं बोलू.