ऊसदर आंदोलनातल्या भावाला तडीपारीची नोटीस आली आहे, खुलाशात काय लिहायचं?

वारणाकाठची:
माझ्या थोरल्या भावाला प्रांत ऑफिसकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ खाली नोटीस आली आहे. सांगली, कोल्हापूर आणि सातारा या तीन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, असं विचारलंय. दादावर चार गुन्हे आहेत आणि चारही ऊसदर आंदोलनातले. रास्ता रोको, जमावबंदी मोडली, उसाचे ट्रॅक्टर अडवले. २०१७ च्या गुन्ह्यातून तो निर्दोष सुटला. शेवटचा गुन्हा २०२१ चा, त्यात धक्काबुक्की लिहिली आहे.

पण नोटिशीत याहून भयंकर मजकूर आहे. दोन गोपनीय साक्षीदारांनी म्हणे सांगितलं की दादा तलवार घेऊन फिरतो आणि दुकानदारांकडून पैसे उकळतो. कोण साक्षीदार, कधी, कुठे, काहीच नाही. आमचा तीन एकर ऊस आणि दोन म्हशी. सगळं तोच बघतो. आईला धड चालता येत नाही. येत्या निवडणुकीत तो उभा राहणार हे गावाला माहीत आहे. ठाण्यातले म्हणाले, "सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

कोर्टाने शिक्षा दिलेली नसताना माणसाला स्वतःच्या घरातून असं काढता येतं का? हे राज्यघटनेत बसतं का?

पेठनाका:
ताई, आमदारांना भेटा. माझ्या मेव्हण्याचं प्रकरण असंच थांबलं. खुलासे वगैरे कोण वाचतं?

फौजदारी_वकील_मिरज:
ताई, कुणाच्या पाया पडायला जाऊ नका. मेहेरबानीने थांबलेली नोटीस पुढच्या निवडणुकीला पुन्हा बाहेर निघते. लेखी खुलासा द्या. तो प्रांतांनी वाचला नाही तरी वर वाचला जातो, आणि आज जे लिहून ठेवाल त्यावरच पुढची सगळी लढाई होते.

घटनेत बसतं का, हे तुम्ही नेमकं विचारलंत. अनुच्छेद १९(१)(ड) प्रमाणे प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्तपणे फिरायचा हक्क आहे आणि १९(५) प्रमाणे सरकारला त्यावर फक्त वाजवी निर्बंध घालता येतात. हद्दपारीच्या तरतुदींना आव्हान पूर्वीच दिलं गेलं होतं. १९५६ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने बहुमताने कलम ५७ टिकवलं. कायदा टिकला, म्हणून त्याखालचा प्रत्येक आदेश टिकतो असं मात्र मुळीच नाही. जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीवर २८ जानेवारी २०२२ ला न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी निकाल दिला. तो छापून खुलाशाला जोडाच. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाला स्वतःच्या घरात कुटुंबासोबत राहणंही त्यामुळे बंद होतं, म्हणून तो क्वचितच आणि ठोस आधारावरच वापरायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. जुन्या गुन्ह्यांचा आजच्या आदेशाशी जिवंत संबंध दिसला पाहिजे. आणि दोन वर्षं ही कलम ५८ ची कमाल मर्यादा आहे. ती पूर्ण लावायची तर कारणं लिहावी लागतात. जालन्याचा तो आदेश कोर्टाने रद्द केला.

आता तुमची नोटीस. शेवटचा गुन्हा २०२१ चा, मग आज अचानक धोका कुठून आला? हद्दपारीच्या कलम ५६(१)(ब) खाली बळजबरी किंवा हिंसेचे गुन्हे लागतात, नाहीतर जुन्या भारतीय दंड संहितेच्या प्रकरण १२, १६ किंवा १७ मधले. जमावबंदी मोडणं त्यात येत नाही. शिवाय साक्षीदार भीतीने उघडपणे पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत बनायला हवं, तेही कागदपत्रांच्या आधारावर. आंदोलनाच्या गुन्ह्यांत फिर्यादी पोलीसच असतात. पोलीस साक्ष द्यायला घाबरले असं म्हणायचं आहे का? हा प्रश्न खुलाशात सरळ विचारा. निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत लावा. गुन्हे एकाच जिल्ह्यातले असतील तर बाकीचे दोन जिल्हे कशासाठी, हेही विचारा.

गोपनीय साक्षीदारांची नावं मिळणार नाहीत. सुप्रीम कोर्टाची भूमिका पूर्वीपासून हीच आहे की आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगितलं की पुरे. माझ्या मते या कायद्यातला सगळ्यात अन्यायकारक भाग हाच आहे. ज्याने आरोप केला तो कोण हे कळतच नसेल तर माणूस उत्तर तरी कशाला देणार? तरीही साधारण काळ आणि परिसर तरी सांगा, अशी लेखी मागणी करा. त्या जबाबांची खातरजमा कुठल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने केली, तेही विचारा.

कलम ५९ प्रमाणे दादाला वकील देता येतो, साक्षीदार तपासून घ्यायची मागणी करता येते. गावातले पाच-सहा दुकानदार आणि दूध संस्थेचे चेअरमन प्रांतांसमोर उभे करा. न वाचता सही नको. नोटीस मिळाल्याची सही करायची असेल तर तारीख घालून तेवढंच लिहा.

कृष्णाकाठ:
मी तडीपारी भोगली आहे, म्हणून सांगतो. आदेश झालाच तर रात्री गुपचूप घरी यायचं नाही. कलम १४२ खाली नवा गुन्हा होतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मग आधीचं सगळं खरंच होतं असं लोक धरून चालतात. मी पंढरपूरला खोली घेऊन राहिलो. वडील गेले तेव्हा परवानगीचा अर्ज हातात धरून दिवसभर बसलो होतो. तात्पुरतं यायची परवानगी कलम ६२ मध्ये मिळते. कोर्टाच्या तारखांसाठीसुद्धा आधी अर्ज करा. आईच्या आजारपणाचे कागद आतापासून फाईलला लावून ठेवा, तेव्हा धावाधाव होते.

वारणाकाठची:
सगळ्यांचे आभार. दूध संस्थेचे चेअरमन यायला तयार आहेत. दोन दुकानदारही येतो म्हणाले, बाकीचे घाबरतात. आदेश झाला तर लगेच मुंबईला धावायचं का?

फौजदारी_वकील_मिरज:
आधी कलम ६० चं अपील, आदेशापासून तीस दिवसांत. ते शासनाकडे असतं, आपल्याकडे पुण्याला विभागीय आयुक्त ऐकतात. अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. तिथे नाही झालं तर हायकोर्टात रिट. त्यासाठी आता मुंबई नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे आणि सांगली त्यात येते. घाबरणाऱ्या दुकानदारांना आग्रह करू नका. दोघे आले तरी चालेल, पण त्यांचे जबाब रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या रोजच्या नोंदीत, आल्याचं बघा आणि त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.