विषय: सासऱ्यांच्या देखभालीसाठी आयएचएसएस (इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, घरीच देखभाल मिळावी म्हणून कॅलिफोर्नियातली सरकारी योजना)

नमस्कार मंडळी,

माझे सासरे ८२ वर्षांचे आहेत, फ्रीमाँटला आमच्याकडेच राहतात. सिटिझन आहेत, मेडी-कॅल (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्य विमा) आहे. डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान केलंय. रात्री उठून दार उघडून रस्त्यावर जातात, कधी गॅस पेटवून तसाच ठेवतात. मी नोकरी अर्धवेळ केली, तरी पुरत नाही. एजन्सीची बाई तासाला चाळीस डॉलर सांगते, ते झेपणारं नाही. आयएचएसएसमध्ये घरच्याच माणसाला सरकार पैसे देतं असं कानावर आलंय. हे खरं आहे का? कुणी केलंय का?

फ्रीमाँटहून, एक सून

*

ताई,

खरं आहे. माझ्या आईसाठी आम्ही घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेडी-कॅल असेल तर काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या) सोशल सर्व्हिसेसला फोन करून अर्ज द्यायचा. ते एसओसी ८७३ नावाचा फॉर्म पाठवतात, तो डॉक्टरांकडून भरून ४५ दिवसांत परत जायला हवा. डॉक्टरांच्या ऑफिसात कागद पडून राहतात, तेव्हा पाठपुरावा तुम्हीच करा. मग सोशल वर्कर घरी येऊन बघते आणि अंघोळ, कपडे, जेवण, संडास, दवाखान्यात नेणं अशा एकेका कामाचे तास ठरवते. जास्तीत जास्त महिन्याला २८३ तास मिळू शकतात. घरातल्या सगळ्यांसाठी मिळून होणाऱ्या स्वयंपाकात आणि साफसफाईत मात्र फक्त त्यांचा वाटा धरतात.

तुमच्या बाबतीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘प्रोटेक्टिव्ह सुपरव्हिजन’. स्मृती किंवा सारासार विचार गेल्यामुळे जो माणूस एकटा राहिला तर स्वतःला इजा करून घेईल, त्याच्यावर चोवीस तास लक्ष ठेवण्यासाठी हे तास असतात. नाव घेऊन मागा. त्याचा वेगळा फॉर्म आहे, एसओसी ८२१, तोही डॉक्टरांनी भरायचा. आजपासून एक वही घाला: तारीख, वेळ, काय झालं. ‘पहाटे तीनला दार उघडलं, अनवाणी कोपऱ्यापर्यंत गेले, मुलाने परत आणलं.’ अशा नोंदींवर निर्णय फिरतो. ‘बाबा खूप विसरतात’ एवढ्याने भागत नाही.

आणि भेटीच्या दिवसाबद्दल एक कळकळीने सांगते. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आपण बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून सोफ्यावर बसवतो. तेही ताठ बसतात आणि विचारलं की सांगतात, ‘माझं सगळं मी करतो, सुनेला काही त्रास नाही.’ माझ्या आईने अगदी हेच केलं. ती खोटं बोलत नव्हती, परक्या माणसापुढे तिला स्वतःची लाज राखायची होती. पण सोशल वर्कर ऐकलेलं लिहिते. म्हणून बाबांचा मान राखून, त्यांच्या माघारी दुसऱ्या खोलीत वही दाखवून खरी परिस्थिती सांगा. अंघोळीला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठावं लागतं, सगळं. दुभाषा हवा असेल तर काउंटी फुकट देते.

तास कमी मिळाले तर पत्रावरच्या तारखेपासून ९० दिवसांत सुनावणी मागता येते. गप्प बसू नका.

सॅन होजेहून

*

सर्वांना नमस्कार.

माहिती चांगली आहे, पण मन कचरतं. वडीलधाऱ्यांची सेवा करायची आणि त्याचे सरकारकडून पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही.

सनीव्हेलहून

*

काका,

तुमच्या भावनेचा आदर आहे. पण फ्रीमाँटच्या ताईंनी अर्धा पगार सोडलाय, रात्रीची झोप सोडलीय. सेवा ती करतेच आहे, पैसे मिळोत न मिळोत. ही योजना मुळात म्हाताऱ्या माणसाला नर्सिंग होममध्ये जावं लागू नये म्हणूनच आहे. बाबा स्वतःच्या घरात, आपल्या माणसांत, मराठीत बोलत राहतात आणि सुनेच्या कष्टाला मोल मिळतं. यात कमीपणा कसला? आपल्याकडे सुनेने घरासाठी काय काय सोडलं याचा हिशोब कुणी मांडत नाही, इथे निदान कुणीतरी मांडतंय.

सॅन होजेहून

*

ताई, आणखी काही गोष्टी.

पैसे घेणाऱ्याकडे काम करण्याची परवानगी हवी. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल आणि ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर तुम्हाला प्रोव्हायडर (पगार घेऊन देखभाल करणारी व्यक्ती) होता येणार नाही. मग यजमान होऊ शकतात किंवा ओळखीतल्या एखाद्या बाईंना नेमता येतं, कारण माणूस निवडायचा हक्क बाबांचा असतो. प्रोव्हायडरला फिंगरप्रिंट, पार्श्वभूमी तपासणी आणि ओरिएंटेशन करावं लागतं. टाइमशीट महिन्यातून दोनदा ऑनलाइन भरायची, बाबांच्या बाजूने ती मंजूर करावी लागते. ते स्वतः करू शकत नसतील तर त्यांचा प्रतिनिधी आधीच नेमून ठेवा.

त्यांच्याच घरात राहून काम करत असाल तर एसओसी २२९८ भरा. आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) २०१४ सालच्या नोटिशीप्रमाणे त्या पगारावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही.

मेडी-कॅलची मालमत्तेची अट २०२४ मध्ये काढली होती, ती १ जानेवारी २०२६ पासून परत आली आहे, एका माणसाला १,३०,००० डॉलरपर्यंत. राहतं घर त्यात धरत नाहीत. बाबांच्या नावावर पुण्यात फ्लॅट किंवा एफडी असेल तर लपवू नका, मेडी-कॅलच्या नूतनीकरणाआधी जाणकाराला दाखवा.

काउंटीचा फोन सकाळी आठला लावा, नंतर खूप वेळ ताटकळावं लागतं. शनिवारी मी मोकळी आहे, फॉर्म घेऊन या, बसून भरू.

मिलपिटसहून