मदत हवी आहे: वाद्यांशिवाय गाताना आमचा सगळा ग्रुप अर्धा सूर खाली उतरतो

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकते आणि तिथल्या अकापेला ग्रुपची यंदा म्युझिक डिरेक्टर आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकही वाद्य नाही. साथ, ठेका, बेस (सगळ्यात खालचा आवाज), सगळं गळ्यातून. इथल्या कॉलेजांत ही परंपरा जुनी आहे. येलचा व्हिफेनपूफ्स १९०९ पासून गातोय, आणि हिंदी-इंग्रजी गाणी एकत्र गुंफणारा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा पेन मसाला १९९६ पासून. ऑडिशन घेण्यापासून अरेंजमेंट लिहिण्यापर्यंत सगळं विद्यार्थीच करतात, त्यामुळे अडलं की विचारायला वर कोणी नसतं. इथे शास्त्रीय शिकलेली आणि कॉर्ड (एकत्र लागणारे तीन-चार सूर) कळणारी अशी दोन्ही मंडळी आहेत, म्हणून तुम्हाला विचारतेय.

आमच्यातल्याच एकीने चाल लावलेलं एक मराठी गाणं बसवतोय. जी मेजर, संथ लय. मुखड्याखाली चार कॉर्डचं चक्र आहे: जी, ई मायनर, ए मायनर, डी, पुन्हा जी. पूर्ण गाण्यात हे चक्र पाचदा येतं. पिचपाइपवर (नेमका सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर) जी घेऊन सुरुवात करतो आणि संपतो तेव्हा पिचपाइप पुन्हा वाजवला की सगळ्यांचे चेहरे उतरतात: आम्ही एफ शार्पच्या आसपास पोचलेलो असतो.

आता विचित्र भाग. यातलं कोणीही बेसूर नाही. प्रत्येकाला आपापली ओळ एकट्याने गायला लावली तर पट्टी जागची हलत नाही. कीबोर्डबरोबर गायलो तरी हलत नाही. कीबोर्ड बंद केला की उतरतो, आणि उतरताना एकही कॉर्ड खराब वाटत नाही, उलट कीबोर्डपेक्षा गोड लागतो! मग तंबोऱ्याचं ॲप लावून पाहिलं. पट्टी टिकली, पण ए मायनरवर आल्टो (मुलींचा खालचा आवाज) आणि टेनर (मुलांचा वरचा आवाज) यांच्यामध्ये सतत खरखर येते. ती कशानेच जात नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे नेमकं कशामुळे होतं? आणि स्टेजवर तंबोरा चालणार नाही, तर मुलांना काय सांगू? 'जरा वर गा' म्हटलं की सगळे ओढूनताणून गातात आणि आवाजातला गोडवाच जातो.

प्रतिसाद १

तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की उत्तर त्यातच आहे. मुलांचे कान चांगले आहेत म्हणूनच ते खाली येतायत.

सरगममध्ये बघा. जी म्हणजे सा. ई मायनर म्हणजे ध, सा, ग. चांगल्या कानाचा गायक हा धैवत सा-गशी जुळवून लावतो, तो कीबोर्डच्या धैवतापेक्षा थोडा उतरलेला असतो. पुढे ए मायनर: रे, म, ध. धैवत तोच राहतो आणि रिषभ त्याच्याशी षड्ज-पंचम भावाने (सा आणि प यांच्यातल्या अंतराने) जुळतो, म्हणजे त्रिश्रुती, थोडा उतरलेला रिषभ लागतो. मग डी: प, नी, रे. ज्याच्याकडे रिषभ आहे तो तोच सूर धरून ठेवतो, आणि बेसवाले आपला पंचम त्या उतरलेल्या रिषभाशी जुळवतात. पंचम उतरला. शेवटी सा त्या पंचमाशी जुळतो. सा उतरला! प्रत्येक कॉर्ड शुद्ध, आणि तरीही एका फेरीत तुम्ही ८१:८० या कंपनसंख्यांच्या गुणोत्तराइतके, म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंट खाली. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. पाच फेऱ्या झाल्या की हिशोब लागतो.

तंबोऱ्यावरची खरखर याच जागेची. तंबोऱ्यामुळे रिषभ चतुःश्रुती, म्हणजे त्याहून थोडा चढा लागतो, धैवत मात्र उतरलेलाच राहतो, आणि त्या दोघांतलं पंचमाचं अंतर तोकडं पडतं. भरताच्या नाट्यशास्त्रात पंचम एका प्रमाणश्रुतीने (अगदी बारीक अंतराने) उतरवून षड्जग्रामाचा मध्यमग्राम केलाय (ग्राम म्हणजे सुरांची जुनी मांडणी). ती प्रमाणश्रुती आजचे अभ्यासक सहसा ८१:८० अशीच मांडतात. तुमचा ग्रुप दर फेरीला तेवढाच सरकतोय, हे मला फार सुंदर वाटलं.

उपाय एकाच जागी करायचा: ए मायनरवरून डीवर जाताना. सगळ्यांना 'वर गा' सांगू नका. रिषभ धरणाऱ्या व्यक्तीला सांगा की डी आल्यावर हा सूर आता पंचमाचा पंचम आहे, तो किंचित चढवायचा. आणि बेसला सांगा की डी शेजाऱ्याकडून घ्यायचा नाही, सुरुवातीच्या जीवरून आठवून लावायचा. तंबोऱ्यावर बेसने फक्त सा-प, सा-प घोळवावं, त्यावर रिषभवालीने येऊन जुळवावं. ते बसलं की डी चालू असतानाच तंबोरा बंद करा आणि जीवर या.

अरेंजमेंट बदलायची तयारी असेल तर एखाद्या कडव्यात ए मायनरऐवजी सी मेजर वापरा. त्यात सा आहेच, आणि सी व डी यांच्यात एकही सूर समान नाही, त्यामुळे उतरलेला सूर पुढे नेणारा दुवाच तुटतो.

प्रतिसाद २

वरचं पटलं. माझ्या अनुभवातली थोडी भर: गाणं जी शार्पमध्ये गाऊन बघा. काही ग्रुप एका पट्टीत उतरतात आणि अर्ध्या सुराने वर नेलं की स्थिर राहतात. आणि उतरत्या ओळींकडे लक्ष द्या. खाली येताना पाऊल मोठं पडतं, वर जाताना लहान. एकच सूर लांबवायचा असेल तिथे शेजारच्याने आणि तुम्ही एकत्र श्वास घेऊ नका.

धागाकर्ती

खूप खूप आभार! आजच्या तालमीत आल्टोतल्या दोघी आणि एक बेस एवढ्यांनाच घेऊन बसले. रिषभ धरून ठेवणारी आमची सगळ्यात पक्की गायिका आहे, तिने तो अजिबात हलू दिला नव्हता. 'पंचमाचा पंचम' म्हटल्यावर तिने लगेच चढवला आणि डी असा काही उघडला की बेसवाला गायचा थांबून बघत राहिला. फक्त ती तीन माणसं घेऊन चक्र पाचदा फिरवलं, पिचपाइप लावला, जी! दुसऱ्या कडव्यात सी मेजर घालतेय.

एक शंका उरली. लीड गाणारी नेमकी डीवर जाताना पंचमावरून रिषभावर मींड घेते. आल्टो त्याच वेळी रिषभ चढवणार. दोन्ही चालेल का?

प्रतिसाद १

मींड ठेवा, पण एक मात्रा उशिरा. बेसचा डी आणि आल्टोचा रिषभ बसू द्या, मग तिने त्यावर उतरावं. आधी उतरली तर आल्टो तिच्या मागे जाईल.