मदत हवी आहे: इंपेलर बदलूनही ओबीएम तापतंय (दिवाळे, बेलापूर). मेकॅनिकही सुचवा

मंडळी, बाबांच्या होडीचं आउटबोर्ड मशीन (ओबीएम, होडीच्या मागे बाहेरून लावतात ते) तापतंय. जपानी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ४० हॉर्सपॉवर. सेकंडहँड घेऊन सहा वर्षं झाली. होडी फायबरची, वीस फुटी, दिवाळ्याच्या जेट्टीला असते. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, म्हणजे हातात अकरा दिवस आहेत. मशीनमधलं मला फार कळत नाही, पण भाऊ जहाजावर आणि मी महापेला ‘कॉम्प्युटरवर’, त्यामुळे नेटवर शोधायचं काम माझ्या गळ्यात.

बंदीच्या आधी मे महिन्यातच धार बारीक झाली होती. मशीन चालू असताना मागून पाण्याची जी धार पडते ती. शेळीचं दूध काढताना येते तेवढीच. बाबांनी तसंच रेटलं आणि मग मशीन दोन महिने ताडपत्रीखाली पडून राहिलं. गोड्या पाण्याने धुतलं होतं का, असं विचारलं तर बाबा विषय बदलतात.

मागच्या रविवारी लोअर, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, उतरवून वॉटर पंप उघडला. बाबा आणि गल्लीतला बाईकचा मेकॅनिक, दोघांनी मिळून. होडी सुकतीला (ओहोटीला) चिखलात बसलेली, वरून पाऊस, आणि मी मोबाइलवर व्हिडिओ धरून उभी. पाचपैकी एक बोल्ट हलेना, त्यात तासभर गेला. शेवटी लोअर सुटला, बाबांनी जुना इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र) शाफ्टवरून ओढला आणि त्याच्याबरोबर त्याला शाफ्टशी अडकवणारी ती अर्ध्या चंद्रासारखी छोटी चावी टुणकन चिखलात. स्पीकरचं चुंबक आणून फिरवलं, पण चावी स्टेनलेसची, चिकटतेय कशाला. शेवटी आईला बोलावलं. ती गुडघाभर चिखलात वाकली आणि शिवल्या (शिंपल्या) काढताना चाचपते तसं बोटांनी चाचपून पाच मिनिटांत चावी काढून दिली. वर ‘एवढ्यासाठी मला स्वयंपाकावरून उठवलंत’ हेही ऐकवलं.

जुन्या इंपेलरच्या सहा पाकळ्यांपैकी चारच उरल्या होत्या, त्याही एकीकडे वाकून कडक झालेल्या. नवा बसवला (कंपनीचा नाही, लोकल). धार एकदम नळासारखी झाली. आम्ही खूश. भरतीला जेट्टीपासून पुलापर्यंत नेऊन बघितलं. हळू चालवलं तर काही नाही. थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला की चार-पाच मिनिटांत धारेचं पाणी कढत, मग वाफ, रंग जळल्यासारखा वास, आणि मशीन आपोआप दबतं. कव्हर काढून हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झालं. हळू केलं की दहा मिनिटांत पुन्हा शहाणं. बाबा एकच वाक्य बोलतात, ‘पानी टाकतं, पन तापतंय गो.’

धारेच्या भोकात तार घालून झाली. पाणी खेचायच्या जाळीत प्लॅस्टिकचा तुकडा होता, तो काढला. प्लग नवे आहेत. ऑइल बाबा बाईकचं टूटी (टू-स्ट्रोकचं तेल) घालतात, पेट्रोलमध्ये ५० ला १.

आता मेकॅनिकचं. गावात डिझेल इंजिन डोळे मिटून खोलणारे आहेत, पण ते ओबीएमला हात लावत नाहीत. एकाने फोनवरच, मशीन न बघता, ‘हेड काढून रिबोअर करावं लागेल’ (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा) सांगून आकडा टाकला. दुसऱ्याने नारळी पौर्णिमेनंतरची तारीख दिली. तोपर्यंत बाकीच्या होड्या समुद्रात आणि आमची जेट्टीला. रिबोअर खरंच लागेल का? आणि बेलापूर, उरण, ठाणे या बाजूला कोणी जेट्टीवर येऊन बघेल का? मशीन ७० किलोच्या आसपास आहे, टेम्पोत टाकून नेताही येईल.

———

निवटी:
ताई, इंपेलर बदलला पण तो ज्या स्टीलच्या वाटीत फिरतो ती वाटी आणि खालची पट्टी बदलली का? खाडीचं पाणी म्हणजे पातळ पॉलिश पेपर. गाळाने वाटीला आतून चरे पडतात आणि नवा इंपेलरही पाणी मागे सोडतो. नख फिरवून बघा. नख अडकलं तर पूर्ण किट घ्या, नुसता इंपेलर नको. शिवाय पंपातून वर जाणारी तांब्याची नळी रबराच्या बुचात बसते, ते बुच लोअर चढवताना चेंबतं. चिखलात घाईघाईने चढवलंय म्हणून विचारतोय.

———

भांगाची भरती:
थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून फेकून द्या. आमच्याकडे सगळ्यांनी काढलेत. काही होत नाही.

———

जुना तेलवाला:
वरच्या भाऊंना माझा नमस्कार, पण असं सरसकट सांगू नका. थर्मोस्टॅट काढला की मशीन कायम थंड राहतं, हळू चालवताना पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे होतात. एखाद्या फेरीपुरता काढून फरक बघायचा तर जरूर बघा. मोटारगाडीचा थर्मोस्टॅट ८०-९० अंशांना उघडतो, या मशीनचा बहुधा ५० ते ६० च्या दरम्यान. कारण पाणी तापलं की त्यातले क्षार आतल्या वाटांत बसायला लागतात.

आता ताई, तुमच्या मजकुरात तुम्ही एक गोष्ट सहज लिहून पुढे गेलात. सहातल्या चार पाकळ्या उरल्या होत्या. मग दोन गेल्या कुठे?

रबर विरघळत नाही. पंपाने ती पाण्याबरोबर वर ढकलली. पंपातून तांब्याच्या नळीने पाणी वर ब्लॉकमध्ये जातं, सिलिंडरभोवती फिरतं, थर्मोस्टॅटमधून बाहेर पडून एग्झॉस्टबरोबर खाली जातं. तुम्ही बघता ती धार म्हणजे या सगळ्यातली एक फांदी. फांदीला पाणी भरपूर असलं म्हणून मुख्य वाट मोकळी आहे असं नाही. हळू चालवताना उष्णता कमी, तेवढ्याला चोंदलेल्या वाटेने जाणारं पाणी पुरतं. थ्रॉटल वाढवला की पुरत नाही. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. शिवाय धार कढत येतेय म्हणजे पाणी आत रेंगाळतंय.

तेव्हा रिबोअरचं तूर्त विसरा. आधी थर्मोस्टॅटचं झाकण उघडा. बोल्ट सुटले नाहीत तर जोर लावू नका. खाऱ्या पाण्यातले बोल्ट तुटून आत राहतात आणि मग ड्रिल मारून काढावे लागतात. गंज सोडवणारा स्प्रे रात्रभर मारून ठेवा, सकाळी आधी थोडं आवळायच्या दिशेला हलवा, मग सोडा. आतला थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याला टांगा, थर्मामीटर सोडा, गॅसवर ठेवा. उघडायचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. मग लोअर उतरवून वरच्या बाजूने होजपाइपने उलटं पाणी सोडा. तुकडा आला त्याच वाटेने परत येतो, निदान यायला हवा.

दोन गोष्टी करू नका. संडास साफ करायचं ॲसिड आत घालू नका. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, क्षाराआधी तो खाल्ला जाईल. पांढरं व्हिनेगर कोमट पाण्यातून चालतं, नंतर गोड्या पाण्याने खूप धुवा. आणि बाईकचं टूटी बंद करा. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं तेल आहे. ओबीएमसाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या. बाबांना ते महाग वाटेल. पिस्टन त्याहून महाग आहे.

———

पामबीच:
मेकॅनिकबद्दल. डिझेलवाल्यांना विचारून उपयोग नाही, ज्यांची रोजची रोटी ओबीएमवर आहे त्यांना विचारा. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटी निघतात, त्यांच्या तांडेलांना (बोट चालवणाऱ्यांना) मशीन कोण बघतं ते विचारा. पावसात त्यांनाही फारसं काम नसतं. मांडव्याच्या स्पीडबोटवाल्यांकडेही विचारा. अग्निशमन दलाच्या रबरी बोटींना असलीच मशीनं असतात, त्यांची दुरुस्ती करणारा बाहेरची कामंही घेतो का बघा. करंजाला माणसं आहेत, पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे कोणी तुमच्याकडे वळूनही बघणार नाही. नंबर इथे नको, खासगी निरोप पाठवतो.

आणि जो मेकॅनिक ‘धार हळूला कशी, जोरात कशी’ हे आधी विचारतो त्याला मशीन द्या. आधी आकडा सांगतो त्याला नको.

———

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. तेलवाले काका, तुमचा प्रश्न मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबा दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘माझ्या डोस्क्यात कसा नाय आला.’

पामबीच यांनी दिलेल्या नंबरवरून एक मामा आले. त्यांनी फोनवर खरंच धारेचंच विचारलं! थर्मोस्टॅटच्या झाकणाचे चार बोल्ट, तीन सुटले, चौथ्यासाठी रात्रभर स्प्रे मारून ठेवला आणि सकाळी तोही सुटला. आत पांढरा थर, पावसाळ्यात भिंतीला लोणा लागतो तसा. आणि थर्मोस्टॅटच्या तोंडाशी चिंचोक्याएवढा काळा रबराचा तुकडा, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाबांनी जुना इंपेलर डब्यातून आणून तो तुकडा तुटलेल्या जागी लावून बघितला. तंतोतंत बसला.

थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळला (पातेलं आता होडीच्या सामानात गेलं, आई ते घरात घेत नाही). कोरलेल्या आकड्याला उघडला, पण अर्धाच, स्प्रिंग गंजली होती. नवा टाकला. लोअर परत उतरवला. वाटीला नख अडकलं, निवटी यांचा अंदाज बरोबर होता, म्हणून पूर्ण किट घेतलं, या वेळी कंपनीचं. बुच मात्र ठीक होतं. लोअर चढवताना मामांनी शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हाताने फिरवत बसवला, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. हे आमच्या बाईकवाल्याला माहीत नव्हतं.

होजने उलटं पाणी मारलं तेव्हा गाळ आला, क्षाराचे पोपडे आले. दुसरा तुकडा आला नाही. मामा म्हणाले, एग्झॉस्टमधून कधीच बाहेर पडला असेल, नाहीतर कुठल्या तरी कोपऱ्यात बसलाय आणि त्रास देत नाहीये. पहिले दहा-बारा तास हेडवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

काल भरतीला वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटल चालवलं. धार कोमट. कव्हर काढून हेडवर हात ठेवला आणि दहापर्यंत मोजलं, थेंब टाकला तर नुसता ओघळला. बाबांनी निळा ड्रम आणलाय, आल्यावर गोड्या पाण्यात मशीन चालवायला. टूटीच्या जागी टीसी-डब्ल्यू३ आलंय, किमतीवरून दोन दिवस कुरकुर झाली.

एकच गोष्ट राहिलीय. ती अर्धचंद्र चावी एका कडेला घासली गेलीय आणि किटमध्ये नवी नव्हती. सुटी कुठे मिळेल, वाशी किंवा ठाण्यात? आईने सांगून ठेवलंय, पुन्हा पडली तर चिखलात हात घालायला मी येणार नाही.