एकट्यापुरता मॅस्टोडॉन सर्व्हर: गरज की नुसती हौस?

कळफलक (धागाकर्ता)
फेडिव्हर्सवर (एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचं सोशल नेटवर्क, मॅस्टोडॉन हे त्यातलंच एक सॉफ्टवेअर) दुसऱ्याच्या सर्व्हरवर खातं काढणं म्हणजे बड्या कंपन्यांना सोडून पुन्हा भाडेकरूच होणं, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅस्टोडॉन डॉट लॉल चांगला नांदता सर्व्हर होता. चालवणाऱ्याने २०२३च्या फेब्रुवारीत बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मे महिन्यात तो गेला. त्याला दोष देत नाही, फुकटची हमाली कोण किती दिवस करणार? खातं हलवता येतं हे खरं, पण हलतात फक्त फॉलोअर, जुन्या पोस्टी मागेच राहतात.

म्हणून स्वतःचं डोमेन घ्या, एकट्याचा का होईना, सर्व्हर टाका. अ‍ॅक्टिव्हिटीपब (हे सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) २०१८मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. त्यात लहान सर्व्हर आणि मोठा सर्व्हर असा भेदच नाही.

जुनाखोड
भाडेकरू म्हणालात म्हणून सांगतो, डोमेनही भाड्याचंच असतं. क्विअर डॉट एएफ हा मॅस्टोडॉन सर्व्हर आठवतोय का? शेवटी एएफ असलेलं डोमेन अफगाणिस्तानचं, २०२४च्या फेब्रुवारीत तालिबानच्या मंत्रालयाने ते बंद केलं. अख्ख्या सर्व्हरचा पत्ताच गेला.

आणि टाका म्हणायला काय जातंय! मॅस्टोडॉन म्हणजे रेल्स, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक अशी चार वेगवेगळी सॉफ्टवेअरं जागती ठेवायची. जुलै २०२३मध्ये त्यात एक गंभीर भोक सापडलं होतं. मुद्दाम घडवलेली मीडिया फाइल पाठवून सर्व्हरवर कुठेही फाइल लिहिता येत होती. अशा भोकाची दुरुस्ती (पॅच) आली की ती त्याच दिवशी बसवावी लागते. त्या आठवड्यात तुम्ही तापाने फणफणत पडला असाल तर?

कळफलक
डोमेनचा शेवट नीट बघून निवडावा, हा त्यावरचा साधा उपाय. आणि मॅस्टोडॉनच हवं असं कुठे आहे? गोटूसोशल घ्या, तेही फेडिव्हर्सचंच सर्व्हर सॉफ्टवेअर. गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतो, मेमरी फार खात नाही. त्याला टाइमलाइनचं वेब पान नाही, अ‍ॅप जोडावं लागतं, एवढं मान्य.

अर्धवट_वाचक
तुम्ही दोघे यंत्रातच अडकलात. खरी अडचण वेगळी आहे. सर्व्हरकडे येतं काय? मुख्यतः तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचं. मोठ्या सर्व्हरवर हजारो जणांच्या फॉलोमुळे आपोआप भरणारा साठा तुमच्याकडे नसतो. हॅशटॅग उघडला तर चार पोस्टी. एखाद्या वादाखाली मूळ पोस्ट आणि एक उत्तर दिसतं, प्रत्यक्षात तिथे तीस उत्तरं असतात. मग लोक तेच तेच मुद्दे पुन्हा लिहितात आणि समोरचा वैतागतो. मॅस्टोडॉनच्या नव्या आवृत्त्यांत राहिलेली उत्तरं मागवून आणायची सोय आली आहे, पण हॅशटॅग आणि शोध लंगडेच. रिले (अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्टी एकमेकांकडे पोचवणारा मधला सर्व्हर) जोडला तर उलट बाजूने डिस्क भरते, कारण परक्यांची चित्रंसुद्धा तुमच्याकडे साठत राहतात.

बिनतारी
+१. ती चित्रं ठरावीक दिवसांनी काढून टाकायची सेटिंग आहे, ती पहिल्याच दिवशी लावा.

सांजवेळ
मला कुणी सांगा, खासगी संदेश तरी सुरक्षित राहतात ना? माझ्यासाठी सर्व्हर टाकण्याचं तेवढंच एक कारण आहे.

जुनाखोड
अर्धेच. मॅस्टोडॉनचे खासगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल असे) नसतात. तुमच्या बाजूचा अ‍ॅडमिन तुम्हीच, पण समोरच्याच्या सर्व्हरवर त्याची प्रत जातेच आणि तिथला अ‍ॅडमिन ठरवलं तर वाचू शकतो. गुपितासाठी सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप वापरा.

दुसरीबाजू
मॉडरेशनचं कुणीच काढलं नाही, याचं नवल वाटतं. चांगल्या सामायिक सर्व्हरवर त्रास देणारे डोमेन कुणीतरी आधीच अडवून ठेवलेले असतात. एकटे असलात की पहिली शिवी खाणारे तुम्ही आणि ब्लॉक करणारेही तुम्हीच. शिवाय हजारो लोकांचा सर्व्हर अडवताना दुसरा अ‍ॅडमिन दहादा विचार करतो, एका माणसाचं डोमेन अडवायला त्याला क्षण पुरतो. माझं मत: ओळखीच्या दहा-पंधरा जणांनी मिळून एक चालवावा, दोघांकडे अ‍ॅडमिनचे हक्क असावेत आणि खर्च वाटून घ्यावा.

कळफलक
दहा-पंधरा जण आले की त्यांच्यातली भांडणंही आली, ती कोण सोडवणार? मला दुसऱ्यांच्या पोस्टींवर निवाडे द्यायचे नाहीत. एकट्याच्या सर्व्हरवर तो प्रश्नच उरत नाही.

सांजवेळ
आणि सहा महिन्यांनी कंटाळा आला तर? बटण बंद करून मोकळं?

बिनतारी
नाही हो, नुसता बंद केला तर इतरांकडे गेलेल्या तुमच्या प्रती तशाच राहतात. मॅस्टोडॉनमध्ये टूटसीटीएल या अ‍ॅडमिनच्या साधनाची सेल्फ-डिस्ट्रक्ट आज्ञा आहे. ती ओळखीच्या सगळ्या सर्व्हरना तुमचं खातं पुसायला सांगते. ते ऐकतीलच असं नाही. मात्र ती चालवल्यावर त्याच डोमेनवर त्याच नावाने परत यायचं विसरा.

जुनाखोड
म्हणून मुख्य डोमेन पहिल्याच फटक्यात वापरू नका. एखाद्या उपडोमेनवर टाका आणि दोन-तीन अपडेट स्वतः करून बघा. डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा करून बघा, कारण फॉलोअर, पोस्टी आणि सहीच्या किल्ल्या (पोस्ट तुमचीच आहे हे इतर सर्व्हरना पटवणाऱ्या) सगळं त्यातच असतं. तरीही हौस टिकली तर कळफलकांचं ऐका.