कवीचं नाव झाकून बघा

सातवीला शैली शिकवताना आधी वृत्त-अलंकार घ्यावेत, असं एक मत आहे. मला नाही पटत. मुलं अनुप्रास बरोबर शोधतात, पण कवी ओळखू येत नाही तो नाहीच.

मी नाव झाकून बालकवी आणि बहिणाबाई शेजारी ठेवते. दोघंही जळगावकडचे, दोघांकडे निसर्ग, म्हणून विषयावरून ओळखायची पळवाटच बंद! मग शब्दांवर खुणा करायला लावते. बालकवींच्या ‘औदुंबर’च्या आठ ओळींत हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा असे रंगच रंग. बहिणाबाईंकडे ‘अरे संसार संसार’, ‘अरे घरोटा घरोटा’ अशी हाक आणि लगेच द्विरुक्ती, म्हणजे तोच शब्द पुन्हा. ही खूण मुलांना पटकन सापडते. वृत्ताचं नंतर विचारतात, तेही सगळी नाही.