चढत्या बाजारात शेअर विकून 30 वर्षांचे सरकारी रोखे घ्यावेत का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): एकूण 20 लाख. ठरलेलं प्रमाण इक्विटी (शेअर आणि शेअरचे फंड) 60 टक्के, रोखे 40 टक्के. तेजीमुळे इक्विटी 72 टक्के झाली आहे. विकायला हात धजत नाही. काय क्रमाने करावं?

उत्तर (रावपुरा): प्रमाण तेजीच्या आधी ठरवलं होतं, तेच धरा. जादा 12 टक्के, म्हणजे 2.4 लाख, इक्विटीतून रोख्यांत हलवायचे आहेत. वर्षाहून जुने युनिट आधी विका. दीर्घकालीन नफा आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंत करमुक्त, त्याहून वरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर. नफा मोठा असेल तर निम्मं मार्चमध्ये, निम्मं एप्रिलमध्ये विका, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर (सरकारी रोखे थेट घेण्याचं संकेतस्थळ) खातं मोफत उघडतं, किमान खरेदी 10,000. लिलावात नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली लावा, म्हणजे भाव सांगावा लागत नाही.

उत्तर (मांडवी): रावपुरेकरांशी सहमत, पण सगळे 30 वर्षांत नकोत. व्याजदर 1 टक्का वाढला तर त्या रोख्याचा भाव साधारण 11-12 टक्के उतरतो, 10 वर्षांच्या रोख्याचा 7च्या आसपास. ‘सरकारी’ म्हणून निर्धास्त झालेले लोक नेमके तेव्हाच घाबरून विकतात आणि छोट्या रकमेला दुय्यम बाजारात (मुदतीआधी दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकताना) भावही धड मिळत नाही. पाच वर्षांत लागणारे पैसे अशा लांब मुदतीच्या रोख्यांत अजिबात घालू नका.

प्रश्नकर्ते: आणि व्याजावर कर?

उत्तर (मांडवी): तुमच्या प्राप्तिकर स्लॅबप्रमाणे. व्याज सहामाही जमा होतं, टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापला जात नाही. रिटर्नमध्ये आठवणीने दाखवा.